ऐंशी पावलं आणि दोनशेची लेन्स

माझं वय अठ्ठ्याहत्तर. या वयात माणसं गुडघे बदलून घेतात किंवा काशीला जातात. मी दीड किलोची लेन्स गळ्यात अडकवून नांदेड, माहूर, लातूर असा सहा दिवस हिंडून आलो. आता मानेला पट्टा बांधून लिहितो आहे. डॉक्टर म्हणाले, महिनाभर लिहू नका. पण हे लिहिणं मी चाळीसेक वर्षं पुढे ढकलत आलो आहे, आता आणखी महिना ढकलायची हिंमत नाही.

पुणे, दुकानात

लेन्स निवडणं हा पुण्यात सध्या एक पंथ झाला आहे. त्याचे गुरू दुकानात काउंटरमागे उभे असतात, दाढी राखतात आणि माझ्यासारख्याला 'अंकल' म्हणतात.

"अंकल, ट्रॅव्हल की पोर्ट्रेट?"

"दोन्ही."

"मग सत्तर-दोनशेच. टू पॉइंट एट. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं."

"मागचं म्हणजे?"

"बॅकग्राउंड हो. माणसाच्या मागे जो काय कचरा असतो तो."

"माणसाच्या मागे त्याचं गाव असतं."

"तेच तर!" तो खूश होऊन म्हणाला.

त्याने तीन लेन्स पुढ्यात मांडल्या. लेन्सला नाव म्हणून आकडे असतात; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं, पन्नासची म्हणजे साध्या डोळ्याएवढी. पहिली ती सत्तर-दोनशे. धान्याच्या मापासारखी जाड, वजन दीड किलो, अंधुक उजेडातही चालणारी. दुसरी सत्तर-तीनशे, वजनाला निम्मी, पोच जास्त, पण संध्याकाळ झाली की आंधळी. तिसरी अठरापासून दोनशेपर्यंत सगळं करते म्हणणारी. सगळ्या विषयांत काठावर पास होणाऱ्या मुलासारखी. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तिघींतही कंप आवरायची सोय होती. शहाण्या माणसाने प्रवासाला दुसरी घेतली असती. मी पहिली घेतली. आमच्या छायाचित्र मंडळातल्या एकूण एक म्हाताऱ्यांकडे ती आहे. रविवारी सकाळी ती पोटावर लोंबकळवत ते टेकडीवर जातात आणि बुलबुलांचे फोटो काढतात. त्यांना मी मनात कितीही हसलो तरी दुकानात माझा हात त्याच लेन्सवर गेला, हे कबूल करतो. या लेखात कबूल करण्यासारखं याहून बरंच आहे.

कारण ही माझी पहिली लांब लेन्स नव्हती. पहिल्या लेन्सने मी एक खोटा फोटो काढला होता. त्या फोटोमुळे चाकूरजवळच्या एका खेड्यातला एक खरा माणूस सगळ्यांदेखत खोटा ठरला. त्याने मला पत्र लिहून साक्ष मागितली. मी उत्तर दिलं नाही. तो माणूस आता नाही, त्याची बायको आहे. तिला भेटायचं, कबुली द्यायची आणि भरपाई म्हणून तिचा एक झकास फोटो काढून द्यायचा, असा माझा बेत होता. भरपाई म्हणून फोटो! एवढीच अक्कल मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही होती.

नांदेड

पहिली लेन्स मी नांदेडात घेतली होती, म्हणून सुरुवात तिथून केली. स्टेशनापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एका बोळात करीमभाईंचा स्टुडिओ होता. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवायचो आणि सुट्टीत हिंडून दिवाळी अंकांना प्रवासवर्णनं पुरवायचो. नवा जिल्हा आणि दुष्काळ, दोन्ही एकाच लेखात. असा माल संपादक सोडत नाहीत. नांदेडकडचा दुष्काळही पाहायचा म्हणून मी आधी नांदेडला उतरलो, आणि करीमभाईंच्या काचेच्या कपाटात ऐंशी-दोनशेची झूम लेन्स पाहून वेडा झालो. पिचकारीसारखी पुढे-मागे सरकवायची. सरकवली की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याची मिशी हातात यायची.

करीमभाई तेव्हा म्हणाले होते, "गुरुजी, घ्यायची तर घ्या. पर ही लई मीठं झूट बोलती. दूरचं दूरचं एका जागी आणून बसवती. शादीत मी वापरत नाही हिला. नवरीचा मामा नवरदेवाच्या मांडीवर बसल्यावानी दिसतो."

मी हसलो होतो.

आता करीमभाई नाहीत. त्यांची लेक शबाना स्टुडिओ चालवते. पन्नाशीची, भक्कम आवाजाची बाई. मी ओळख सांगायच्या आत चहा समोर आला. पुण्यात आम्ही दारातल्या माणसाला 'चहा घेणार का?' असं अशा सुरात विचारतो की तो 'नको' म्हणायलाच जन्माला आला आहे असं वाटावं. इथे विचारायची पद्धत नाही. नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीत.

चहा पिता पिता मी तिच्या वडिलांकडून घेतलेल्या लेन्सचं आणि माहूरच्या बेताचं सांगितलं. तिने माझी नवी लेन्स हातात घेऊन तोलली. "या अल्ला! काका, हे घेऊन तुम्ही माहूरगड चढणार? खांदा हाय का खुंटी?"

"पोर्ट्रेट चांगले येतात म्हणे."

"म्हणे म्हणजे? काढले नाहीत अजून?"

"नाही."

"मंग आधी माणसं बघून घ्या, मंग लेन्स घ्यायची. तुम्ही उलटं करायलात. मी शादीत पन्नासचीच लावते. जवळ जाते. नवरी रडायली असंल तर आधी तिचं नाक पुसते, मंग फोटो काढते."

दुपारी तिने तहारी खायला घातली. मसालेभातासारखी दिसणारी, पण आमच्या मसालेभाताला लाजेने मान खाली घालायला लावणारी. निघताना म्हणाली, "अब्बांनी तुमाला ती ऐंशी-दोनशे विकली, ते ऱ्हायली का?"

"आहे. बुरशी लागली."

"चांगलं झालं," ती म्हणाली. का म्हणाली ते मी विचारलं नाही.

माहूर

माहूरला जायचं काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर लातूरला जायची हिंमत होईना म्हणून मी रेणुकेच्या दारात दोन दिवस काढले. लेन्सची परीक्षा घेतो आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पायऱ्यांवर गर्दी होती. नारळ, ओटीचं सामान, तांबूल, कुंकवाच्या राशी. मी वरच्या वळणावर कठड्याला टेकून उभा राहिलो आणि खाली कुंकू विकणाऱ्या एका म्हातारीवर लेन्स रोखली. दोनशेला चेहरा असा भरून आला की सुरकुत्या मोजाव्यात. मागची गर्दी खरोखर लोण्यासारखी विरघळली. मंडळातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

म्हातारीने मान वर केली. "ओ बाबा! तिकडून काय नेम धरून राहिले? म्या काय हरीण हाव का?"

आसपासचे हसले. दचकून मी कॅमेरा खाली घेतला, त्यात हातातलं लेन्सचं झाकण निसटलं आणि टणाटण पायऱ्या उतरत तिच्याच कुंकवाच्या राशीत जाऊन बसलं. ते आणायला मला जावंच लागलं. तिने झाकण पदराने पुसून दिलं.

"कुठले?"

"पुण्याचे."

"मंग बरोबर. तिकडचे समदे लांबूनच काढते. आमचे लोक बी आता तसंच करून राहिले. पयले लोक आधी कुकू घ्यायचे, मंग इचारायचे."

मी कुंकू घेतलं आणि विचारलं. ती "काढ" म्हणाली. पण तोवर मी तिच्यापासून हातभरावर बसलो होतो, आणि एवढ्या जवळ ही लेन्स काम करत नाही. चार फुटांच्या आतला माणूस तिला दिसतच नाही. मी बसल्या बसल्या मागे सरकू लागलो तर मागच्या पायरीवरच्या नारळवाल्याच्या टोपलीत बसलो. तो फोटो राहिला तो राहिलाच.

कुठली लेन्स घ्यावी, असं मला जे विचारतात त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकतो, पुढे मला सुचणार नाही. प्रवासाला हलकी सत्तर-तीनशे न्या. ती डोंगर, देवळांची शिखरं आणि झाडावरचे पक्षी यांच्यासाठी ठेवा. पिचकारीसारखी सरकणारी जुनी लेन्स मराठवाड्यात नेऊ नका. ती धूळ ओढून पोटात घेते. आणि सोबत एक पन्नासची साधी ठेवा, माणसांसाठी. एवढं कळायला मला एक जिल्हा नवा असल्यापासून जुना होईपर्यंत वेळ लागला.

लातूर

बसमधून उतरल्यावर मला लातूर ओळखू आलं नाही. मी पाहिलं तेव्हा पाट्यांवरचं 'तालुका' खरवडून त्यावर 'जिल्हा' रंगवणं चालू होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. एका ठिकाणी तर न्हाणीघरात फायली रचलेल्या मी पाहिल्या. सगळीकडे सत्काराचे हार आणि कुठेही पाणी नाही. आता चौकाचौकात शिकवण्यांच्या जाहिराती आहेत, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे. सगळे लांब लेन्सने काढलेले, मागचं सगळं विरघळलेलं.

त्या वेळी काय झालं ते आता सांगतो.

चाकूरच्या अलीकडे एक खेडं आहे. नाव लिहीत नाही. गावाची विहीर एकच जिवंत राहिली होती. बौद्ध वस्तीचा आड फाल्गुनातच आटला होता. वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीवर येऊ देत नसत. त्यांनी लांब एका सपाट दगडापाशी घागरी ठेवून उभं राहायचं; विहिरीवरच्या कुणाला सवड आणि दया दोन्ही एकाच वेळी आली तर तो पाणी नेऊन वरून ओतायचा. वस्तीने 'आमच्यासाठी वेगळा टँकर द्या' असा अर्ज केला होता. हे सगळं मला त्या दिवशी गावात माहीत झालं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

गावाबाहेर रोजगार हमीवर तलावाचा बांध चालू होता. मी त्या जेमतेम कमरेएवढ्या झालेल्या बांधावर चढलो. तिथून विहीर आणि तो दगड एका रेषेत येत होते. नवी लेन्स दोनशेपर्यंत ओढली आणि चमत्कार झाला. मधली जमीन विहिरीच्या काठामागे दडली. लांब दगडावर घागर घेऊन उभी असलेली एक तरुण बाई अलगद पुढे आली आणि विहिरीवरच्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मी आठ फोटो काढले. मग खाली उतरून, मास्तरकीची सवय म्हणून, बाजूने पन्नासच्या लेन्सने एक काढला. त्यात डावीकडे विहीर, उजवीकडे दगड आणि मध्ये नुसती मोकळी जमीन.

लेखाबरोबर मी कोणता फोटो दिला ते सांगायला नको. ओळ दिली: 'तहानेला जात नसते'. मंडळात पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, रचना घट्ट आहे. बाजूचा फोटो मी कुणाला दाखवला नाही. त्यांनी म्हटलं असतं, मध्ये रिकामी जागा फार आहे.

मी वर्गात दहा-बारा वर्षं पोरांना सांगत होतो की ज्या नकाशावर प्रमाण लिहिलेलं नाही त्याला मी शून्य देईन. दिलंही.

तो फोटो मोठा करून नव्या जिल्ह्याच्या एका प्रदर्शनात लागला. पुढचं मला पोस्टकार्डाने कळलं. मजकूर पाठ आहे:

'सप्रेम जय भीम. आपला फोटो पाहिला. त्यात माझी पत्नी सुभद्रा आहे. ती विहिरीवर उभी नाही, दगडावर उभी आहे. विहीर ते दगड ऐंशी पावले आहेत. मी स्वतः मोजली व टँकरच्या अर्जात लिहिली. साहेबांनी आपला फोटो दाखवून सर्वांसमोर म्हटले की यात एक पाऊलही दिसत नाही, तुम्ही खोटे लिहिता. अर्ज फेटाळला. आपण तेथे होता. कृपया अंतर लिहून द्यावे. आपला, किसन.'

मी लिहून दिलं नाही. बक्षिसाची चौकट भिंतीवर होती, शाळेत सत्कार ठरला होता. पोस्टकार्ड फाडायचं धाडस नव्हतं, म्हणून ते त्याच लेन्सच्या डब्यात टाकलं. लेन्सला बुरशी लागते, डबा दर पावसाळ्यानंतर उघडून ऊन द्यावं लागतं. म्हणजे दरवर्षी एकदा ते पत्र मला भेटत राहिलं.

त्या गावच्या शाळेत फोन करून मी चौकशी केली होती. सुभद्राबाई लातुरात लेकीकडे असतात असं कळलं. लेक, ज्योतीताई, हायस्कुलात गणित शिकवतात. दार त्यांनीच उघडलं. मी फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे चेहऱ्यावर स्वागत नव्हतं.

"या. आई आत आहे. ऐकू कमी येतं असं समजून मोठ्याने बोलू नका. तिला सगळं ऐकू येतं."

सुभद्राबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, पांढरी साडी, डोळ्याला मोतीबिंदूनंतरचा जाड चष्मा. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि एका उंच, हडकुळ्या माणसाचा हार घातलेला फोटो. किसनराव.

मी पोस्टकार्ड आणि बाजूच्या फोटोची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी पोस्टकार्डावरून बोट फिरवलं.

"अक्षर त्याचंच हाय," त्या म्हणाल्या. मग फोटो डोळ्याजवळ धरला. "ज्योते, हे बघ. ही म्या. ही हीर. आन हे…" मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी बोट टेकवलं. "हे हाय की यात समदं. मंग हा फोटो कामून न्हाई छापला?"

"त्याला बक्षीस मिळालं नसतं," मी म्हणालो.

"दुसऱ्याला मिळालं?"

"पहिलं."

"काय दिलं?"

"एक कप. पितळी."

"पाणी पेता येतं का त्यात?" त्यांनी विचारलं, आणि ज्योतीताईंना हसू आवरेना. सबंध दिवसात त्या तेवढ्याच हसल्या.

मी माफी मागितली. घरी पाठ केलेली वाक्यं होती, दोन म्हटली, तिसऱ्याला बाईंनी हात वर केला.

"माफीचं ठिवा. माझं आयका. पुढल्या उन्हाळ्यात बी आमी दोन कोसावरनं पाणी आणलं. ते जाऊ द्या, पाणी आमाला कुठं कवा फुकट मिळालं! पर माझ्या मालकाला चार गावात 'ऐंशी पावलं' म्हणून हाका मारायचे. 'ओ ऐंशी पावलं, या चहा प्या.' मरंस्तवर. सरणावर न्हेताना बी एकानं म्हणलं. माणूस लबाड नव्हता. मला तेवढं लिवून पायजे. हितं बसून न्हाई. तितं जाऊन, मोजून."

"आई, विहीर आता बंद आहे," ज्योतीताई म्हणाल्या.

"बंद हाय, पळून गेली का?"

दुपारी जेवायला निलंगा राइस होता आणि शेंगांची चटणी. मी 'फारच छान' म्हणालो, तेव्हा ज्योतीताई म्हणाल्या, "तुम्हाला आमच्याकडचं सगळं छानच वाटतं, नाही? दुष्काळही छान वाटला होता. तुमचा लेख मी वाचला आहे." मी चटणी खाली बघून संपवली.

गावात

दुसऱ्या दिवशी ज्योतीताईंनी स्वतःच्या गाडीतून नेलं. वेशीवर सिमेंटची कमान झाली आहे, तिच्यावर गावातल्या सगळ्या हयात पुढाऱ्यांचे फोटो. विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली. आत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. पाणी नळाने येतं, आठवड्यातून एकदा. बांधावर बाभळी माजल्या आहेत. दगड तिथेच आहे, कुणाच्या तरी दारात, आणि त्याच्यावर चाळिशीचे एक गृहस्थ मोटारसायकल पुसत होते. आम्ही काय बघतो आहोत ते कळल्यावर ते पुढे आले.

"सर, आमच्या गावात तसलं काही कधी नव्हतं. उगी कुणीतरी सांगतंय तुम्हाला."

सुभद्राबाईंनी चष्मा सारखा केला. "कुणाचा रं तू? बाबूचा न्हवं? तू तवा पाळण्यात व्हतास. तुझी माय पाळणा हिरीवर आणून ठिवायची. तुझं रडं मला या दगडावर आयकू यायचं. रडं यायचं बाबा, पाणी येत नव्हतं."

गृहस्थांनी फडकं पिळलं आणि मोटारसायकल ढकलत घरात नेली.

बाई विहिरीच्या काठावर जाऊन टेकल्या. हात लावून दगडी काठ पाहिला, जणू विकत घ्यायचा आहे. ऊन तिरपं होतं, चेहरा सुरेख उजळला होता. माझ्यातला मंडळवाला जागा झाला. मी दीड किलोची लेन्स चढवली आणि सवयीने मागे जायला लागलो. पाच पावलं, दहा, पंधरा.

"ओ मास्तर!" बाई ओरडल्या. "एवढ्या लांब कामून चालले? आमचा इटाळ व्हतो का काय?"

ज्योतीताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्या पंधरा पावलांवर जसा उभा होतो तसं कुणी उभं राहू नये.

परत आलो. बाईंनी शेजारी काठावर थाप मारली. "हितं बसा. आन काढा आता." बसलो. लेन्स घुर्र घुर्र करत पुढे-मागे झाली आणि थांबली. समोर नुसता धुरकट पांढरा ढग.

"काय झालं?"

"एवढ्या जवळचं हिला दिसत नाही."

"तिला बी चालंना म्हणा की," बाई म्हणाल्या.

मी लेन्स काढून पिशवीत टाकली आणि माहूरनंतर घेतलेली पन्नासची लावली. त्यांचा एक फोटो काढला. बरा आला आहे. मागे जाळी, बाटल्या, कमान, सगळं स्पष्ट दिसतं. तो त्यांच्याकडेच आहे, छापायला दिलेला नाही.

"आता मोजा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं. हिरीपासून दगडापत्तोर."

मी विहिरीच्या काठाला टाच लावली आणि चालायला लागलो. एक, दोन, तीन. ज्योतीताई मोबाइलवर चित्रण करत बरोबर चालत होत्या. दारांत माणसं आली. चाळीसला मला दम लागला. साठला कुणीतरी मागे हसलं. ऐंशी म्हटलं तेव्हा दगड अजून लांब होता. आता हेही चुकणार. चाळीस वर्षांनी येऊन मी त्या माणसाला दुसऱ्यांदा खोटा पाडणार. पण अंतर लपवण्याचा धंदा मी एकदा केला होता. पुढे गेलो. दगडाला पाय लागला तेव्हा आकडा होता चौऱ्याण्णव.

मी वळलो. सुभद्राबाई काठी टेकत, मधल्या त्या मोकळ्या जमिनीवरून सावकाश माझ्याकडे चालत आल्या.

"चौऱ्याण्णव झाली," मी म्हणालो. "ऐंशी नाही."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"तुमचं म्हाताऱ्याचं पाऊल ते. वीतभर टाकायलाव. मालकाची टांग लांब व्हती, फोटो बघितला न्हाई का भितीवर? त्याची ऐंशी." मग दारांतल्या माणसांकडे वळून, ज्यांना ऐकू कमी येतं अशा सगळ्यांसाठी, "ऐंशी!"



"तुम्हाला किती झाली असती?" मी विचारलं. मूर्खपणाच.

"मला काय ठावं? आज पयल्यांदा चालायले."

मग त्यांनी मला बाजूला, तो जुना बाजूचा फोटो काढला होता तिथे उभं केलं आणि स्वतः दगडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. घागर नव्हती, काठी होती. मी पन्नासच्या लेन्सने फोटो काढला.

"खाली काय लिवायचं ते म्या सांगते," त्या म्हणाल्या. "आन तुमचं नाव लिवा. तवा लिवलं व्हतं तसंच, ठळक."

नाव लेखाच्या माथ्यावर ठळकच छापायला सांगितलं आहे. फोटो सोबत दिला आहे. डावीकडे विहीर, उजवीकडे सुभद्राबाई, मध्ये काही नाही. खालची ओळ त्यांची आहे:

'हिरीपासून दगडापत्तोर ऐंशी पावलं. किसननं मोजलेली. फोटो काढणाऱ्याला तवाच ठावं व्हतं.'